'शी' : एका उद्गाराचा अर्थेतिहास

१

मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या जातात आणि त्यांत केवलप्रयोगी अव्यय शेवटी येते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या व्याकरणापासून (१८३६) मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत (१९११) आणि तेथून शालेय पुस्तकांपर्यंत या जातीला मिळालेली जागा पाहिली, तर तिच्याविषयीची व्याकरणकारांची अडचण ध्यानात येते. हे शब्द वाक्याचे घटक नाहीत. त्यांना लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. ते वाक्याच्या आधी येतात आणि वाक्याशी त्यांचा अन्वय लागत नाही. म्हणून त्यांची भावानुसार यादी द्यायची आणि प्रकरण संपवायचे, असा प्रघात पडला. या यादीत 'तिरस्कारदर्शक' असा एक गट असतो. त्यात शी, छी, थू, हुड, फुस यांच्या ओळीत 'इश्श' हाही शब्द बसविलेला आढळतो. घाण पाहून निघणारा उद्गार आणि लाजून निघणारा उद्गार एकाच रांगेत का बसावेत, हा प्रश्न मात्र यादीत विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या गटातील 'शी' हा उद्गार आहे. तो अनौपचारिक आहे, घरगुती आहे. ग्रंथात त्याला क्वचितच प्रवेश मिळतो. तथापि मराठी भाषकाच्या कानावर जे शब्द सर्वांत आधी पडतात त्यांत तो असतो, आणि तोच त्याला जगाची पहिली विभागणी शिकवतो. किळस ही देहाची उपजत प्रतिक्रिया आहे व 'शी' हा तिचा ध्वनी आहे, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे. 'शी' हा उद्गार किळसेच्या मागून येत नाही. पुष्कळदा तो तिच्या आधी येतो. एखादी वस्तू, आणि पुढे एखादा माणूस, किळसवाणा ठरतो तो या उद्गाराच्या शिकवणुकीतून. हे मान्य केल्यास 'शी'चा इतिहास हा केवळ एका शब्दाचा इतिहास राहत नाही. कोणी कोणाला पाहून नाक मुरडावे याविषयी समाजाने केलेल्या व्यवस्थेचा तो इतिहास होतो.

२

या उद्गाराचा ध्वनी तपासण्यासाठी एका गावाचे स्थान सोयीचे आहे. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव या गावाचे नावच दोन भाषापरंपरांनी घडलेले आहे : 'युसूफ' हे अरबी-फारसी परंपरेतील विशेषनाम आणि 'वडगाव' हे मराठी ग्रामनाम. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. जवळच्या अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत यांची परंपरा आहे; वाङ्मयेतिहासाने या भागाची दखल घेतली ती प्राधान्याने त्या परंपरेमुळे. गावोगावच्या रोजच्या बोलण्यात मात्र मराठी आणि दखनी पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या. अशा शेजारात एका घरातून 'शी' ऐकू येते आणि दुसऱ्यातून 'छी'. 'थू' दोन्हींकडे सारखाच.

'छी' आणि 'शी' हा भेद केवळ उच्चारलकबीचा नाही. प्राकृतातील 'छ' मराठीत नियमितपणे 'स' होतो आणि तालव्य स्वरापूर्वी त्याचा 'श' होतो, हे ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथात सविस्तर दाखविले आहे. हिंदीत 'छुरी', मराठीत 'सुरी'. हिंदीत 'मछली', मराठीत 'मासळी'. हिंदीत 'छींक', मराठीत 'शिंक'. गुजरातीत 'छाण', मराठीत 'शेण'. 'छी' आणि 'शी' हे जोडशब्द याच रांगेत नेमके बसतात. अनुकरणवाचक आणि उद्गारवाचक शब्द ध्वनिनियमांना पुष्कळदा जुमानत नाहीत, हे खरे. त्यामुळे एवढ्या साम्यावरून 'शी'चे पूर्वरूप सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. पण मराठीच्या कानाने तिरस्काराचा ध्वनी आपल्या वळणाने ऐकला, एवढे त्यावरून निश्चित दिसते. 'छीः थूः होणे' यासारख्या प्रयोगात 'छ' टिकून आहे. एकटा उच्चारला जाणारा घरगुती उद्गार मात्र 'शी' हाच आहे.

याच ध्वनिनियमाच्या रांगेत आणखी एक शब्द उभा आहे आणि तो अधिक बोलका आहे. हेमचंद्राने (१०८९–११७२) आपल्या प्राकृत व्याकरणात 'स्पृश्' या धातूचे जे आदेश सांगितले आहेत त्यांत 'छिव' हा एक आहे. त्यापासून मराठीत 'शिवणे' झाले. हिंदीत 'छुआछूत', मराठीत 'शिवाशिव'. 'शी' आणि 'शिवणे' यांचे मूळ एक नाही. तरीही मराठी घरात 'शी! शिवू नकोस' हे दोन शब्द शतकानुशतके लागोपाठ उच्चारले गेले. व्युत्पत्तीने जे नाते दिलेले नाही ते नाते वापराने जुळविले. किळसेचा उद्गार आणि स्पर्शबंदीचे क्रियापद मराठीत एकाच श्वासात शिकविले जातात, ही वस्तुस्थिती कोशातील स्वतंत्र नोंदींतून दिसत नाही.

३

'शी'चे दोन अर्थ आहेत. एक उद्गाराचा, दुसरा नामाचा. बालभाषेत 'शी' म्हणजे मुलाची विष्ठा, आणि 'शू'च्या जोडीने तो शब्द प्रत्येक मराठी घरात वापरात असतो. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी अशोक रा. केळकर यांचा मराठी बालभाषेवरील स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध झाला. या अभ्यासांतून पुढे आलेला मुद्दा असा की बालभाषा ही बालकाने निर्माण केलेली भाषा नसून, मोठ्यांनी बालकासाठी राखून ठेवलेली आणि परंपरेने चालत आलेली भाषा असते. म्हणजे 'शी' हा शब्द मुलाचा नाही. तो मुलासाठी ठेवलेला मोठ्यांचा शब्द आहे.

हे ध्यानात घेतले की दोन अर्थांतील क्रम उलगडतो. मुलाला स्वतःच्या विष्ठेची किळस नसते. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की दोन वर्षांच्या आतील बरीच मुले विष्ठेसारखी बनविलेली वस्तूही बिनदिक्कत तोंडात घालतात. किळस त्यानंतर येते, आणि ती माणसे शिकवतात. मराठी घरात हा धडा एकाक्षरी आहे. मूल हात पुढे करते, आई नाक आकसून 'शी' म्हणते, हात मागे ओढते. मुलाच्या दृष्टीने त्या वस्तूचे नाव 'शी' ठरते. वस्तूला वस्तूवरून नाव मिळालेले नाही. ते मोठ्यांच्या तिटकाऱ्यावरून मिळाले आहे. इंग्रजीतही याला समांतर उदाहरण आहे : दुर्गंधीचा वा तुच्छतेचा 'पूः' हा उद्गार आणि मुलांच्या विष्ठेसाठीचा 'पू' हा शब्द कोशकार एकमेकांशी जोडतात. योगायोग असा की भाषेचा उगम उद्गारांतून झाला या मताची १८६१ च्या व्याख्यानांत खिल्ली उडविताना माक्स म्युलर यांनी त्याला जे नाव दिले तेही 'पूः-पूः' हेच होते. त्या मताने भाषेच्या उगमाचा प्रश्न सुटला नाही हे खरे. पण नामाचा उगम उद्गारातून होऊ शकतो याचा पुरावा मराठी पाळण्याजवळ रोज मिळतो.

बालभाषेकडून प्रौढ भाषेकडे वळल्यावर उलट दिशेचा व्यवहार दिसतो. शिष्ट मराठीत त्याच वस्तूसाठी 'शौच' हा शब्द आहे. 'शौच' म्हणजे शुचिता, शुद्धी. क्रियेनंतरच्या शुद्धीवरून क्रियेलाच नाव मिळाले आणि शुद्धिवाचक शब्द मलवाचक झाला. 'बहिर्दिशेस जाणे', 'परसाकडे जाणे' हे प्रयोग वस्तूचे नाव टाळून दिशेचे नाव घेतात. म्हणजे एकाच वस्तूसाठी मराठीत तीन युक्त्या आहेत : मुलासमोर किळसेचे नाव, चारचौघांत शुद्धीचे नाव, आणि बोलीत जागेचे नाव. वस्तूचे सरळ नाव मराठीत आहेच. पण ते उच्चारणे हेच 'शी' म्हणण्याचे निमित्त होते. किळस वस्तूवरून तिच्या नावावर सरकते. वाङ्मयविचाराच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण साहित्यात वस्तू कधीच नसते, नावच असते.

४

'शी'ला व्युत्पत्ती नाही, असे म्हटले तरी चालेल. पण तिच्या भोवतालच्या शब्दांना आहे, आणि त्यांतला प्रत्येक शब्द किळसेविषयीचा एकेक सिद्धान्त पोटात घेऊन आलेला आहे.

'घाण' हा शब्द 'घ्राण'पासून आला. मूळ अर्थ वास किंवा वास घेण्याचे इंद्रिय. त्यात बरे-वाईट काही नव्हते. मराठीत तो दुर्गंधीवाचक झाला आणि मग दुर्गंधी नसलेल्या अस्वच्छतेलाही लागू झाला. 'ओंगळ'चे मूळ 'अमंगल'. येथे किळस नाकातून आलेली नाही, ती शकुनातून आली आहे; जे अशुभ ते किळसवाणे. 'गलिच्छ' हा शब्द दिसायला संस्कृत वाटतो. त्याच्या अंत्य 'च्छ'ने तसा पोशाख केला आहे. प्रत्यक्षात तो अरबी-फारसी 'गलीज'चे मराठी रूप आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जाड, दाट, राठ. फारसी-उर्दूच्या प्रवासात तो मलिन या अर्थाला पोहोचला. दरबारी भाषेतून आलेला हा शब्द पुढे शासकीय मराठीत स्थिरावला आणि 'गलिच्छ वस्ती' हा शब्दप्रयोग रूढ झाला. एका विशेषणाने घाणीचा उल्लेख आणि माणसांच्या राहण्याचा उल्लेख एकत्र बांधला गेला.

'जुगुप्सा' हा शास्त्राचा शब्द. तो 'गुप्' या धातूच्या सन्नन्त रूपापासून झाला आहे. 'गुप्' म्हणजे राखणे, झाकणे. 'जुगुप्सा' म्हणजे स्वतःला राखण्याची, दूर ठेवण्याची इच्छा. ज्याची जुगुप्सा वाटते त्याची पंचमी विभक्ती व्हावी असे व्याकरणाच्या परंपरेने सांगितले आहे. म्हणजे किळस हे व्याकरणाच्या दृष्टीनेसुद्धा 'पासून' दूर होणे आहे. योगसूत्रांनी शौचातून स्वतःच्या अंगाविषयीची जुगुप्सा आणि इतरांशी असंसर्ग ही दोन्ही फळे सांगितली. शुद्धी, किळस आणि संसर्गबंदी यांची साखळी इतक्या जुन्या काळी एका सूत्रात गुंफलेली आहे, ही गोष्ट चिंत्य आहे. तेथे ती साधकाच्या वैराग्याची पायरी आहे. समाजात मात्र तीच साखळी दुसऱ्याच्या देहाभोवती आवळली गेली.

ती कशी, हे 'विटाळ' हा शब्द सांगतो. हेमचंद्राने अपभ्रंशात रूढ असलेल्या देशी शब्दांचे संस्कृत प्रतिशब्द देताना 'विट्टाल' या शब्दाचा अर्थ 'अस्पृश्यसंसर्ग' असा दिला आहे. बाराव्या शतकातील व्याकरणकार शब्दार्थ सांगतो आहे, उपदेश करीत नाही. आणि म्हणूनच ही नोंद अधिक गंभीर आहे. आज मराठीत 'विटाळ' म्हटले की ऋतुप्राप्ती आठवते, सोयरसुतक आठवते. पण शब्दाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध नोंदींपैकी एकीत अस्पृश्य ठरविलेल्या माणसाचा स्पर्श हाच त्याचा अर्थ आहे. 'घाण' वस्तूला लागते, 'विटाळ' माणसाकडून होतो. 'शी' हा उद्गार मात्र दोहोंसाठी एकच आहे, आणि त्यामुळे एकातून दुसऱ्यात सरकणे त्याला सोपे जाते. मूल जो ध्वनी मळाला पाहून शिकले तोच ध्वनी पुढे माणसाला पाहून काढायला त्याला नवा शब्द शिकावा लागत नाही.

५

संस्कृत साहित्यशास्त्राने किळसेला स्थान दिले, ही त्याची मोठी गोष्ट आहे. भरताच्या आठ स्थायी भावांत जुगुप्सा आहे, तिचा रस बीभत्स, त्याचा वर्ण नील आणि दैवत महाकाल. अंग आकसणे, तोंड वेडेवाकडे करणे, थुंकणे, उद्वेग हे तिचे अनुभाव. 'शी' म्हणताना होणारी मुद्रा आणि 'थू' म्हणताना होणारी क्रिया नाट्यशास्त्राने इतक्या नेमकेपणाने टिपली आहे. परंतु भावाध्यायात जुगुप्सा ही स्त्री व नीच प्रकृतींच्या ठिकाणी असणारी म्हणून सांगितली आहे. उत्तम प्रकृतीच्या नायकाने किळस दाखवू नये, ती स्त्रियांनी आणि हीन पात्रांनी दाखवावी, असा हा विभाग.

नाट्यशास्त्रातील विभाग आणि समाजातील विभाग यांची येथे विलक्षण उलटापालट दिसते. रंगभूमीवर नीच प्रकृती ही जुगुप्सेचा आश्रय आहे; समाजात तिला जुगुप्सेचे आलंबन केले गेले. रंगभूमीवर ती थुंकते. समाजात तिच्या थुंकीलाही बंदी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या प्रबंधात पेशवाईतील पुण्याची स्थिती सांगताना नमूद केले आहे की अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे. 'थू' या उद्गाराचा अर्थ या मडक्याजवळ उघड होतो. एकाची थुंकी ही त्याची भाषा आहे. ती तो दुसऱ्याच्या तोंडावर, दुसऱ्याच्या जिनगानीवर टाकू शकतो. दुसऱ्याची थुंकी मात्र मडक्यात साठवायची. तिरस्कार व्यक्त करण्याचा अधिकारही वाटून दिलेला होता.

या वाटणीविरुद्धचा आवाज मराठीत पहिल्यापासून आहे. चक्रधरांनी ऋतुकाळाच्या विटाळाची कल्पना नाकारताना देहाच्या नऊ द्वारांचा दाखला दिला. जसे इतर द्वारांतून मळ जातो तसेच हे, अशी त्यांची भूमिका लीळाचरित्रातून दिसते. 'शी'ला तेथे वाव उरत नाही, कारण सर्व द्वारे एका पातळीवर आणली आहेत. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात ते सर्व वस्त्यांतून, सर्व घरांतून विनासंकोच वावरताना दिसतात. चोखामेळ्याच्या कुटुंबातील सोयराबाईच्या नावावरील विटाळाच्या अभंगाचा युक्तिवाद याहून धारदार आहे. देहाच्या मळाची वर्णने वैराग्यपर काव्यात पुष्कळ आहेत. तेथे मळ दाखवायचा तो देहाची ओढ तुटावी म्हणून. सोयराबाई तीच सामग्री घेते आणि वेगळा प्रश्न विचारते : विटाळावाचून देह जन्मालाच येत नसेल तर सोवळा म्हणायचा कोण? जुगुप्सा सार्वत्रिक केली की तिच्यावर उभारलेली उतरंड कोसळते. बीभत्साचा हा उपयोग साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत नोंदलेला नाही.

६

विसाव्या शतकातील मराठी साहित्यविचाराने रसव्यवस्थेची पुन्हा तपासणी केली. रा. श्री. जोगांचे 'अभिनव काव्यप्रकाश' (१९३०), के. ना. वाटवे यांचे 'रसविमर्श' (१९४२), ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' (१९५८) हे या तपासणीचे टप्पे. या चर्चेत बीभत्साची अडचण प्रामुख्याने आस्वादाची अडचण म्हणून मांडली गेली : जे प्रत्यक्षात किळसवाणे ते काव्यात आनंददायक कसे? प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. वाचक हा किळस वाटून घेणाऱ्यांपैकी आहे, ज्याची किळस वाटते त्यांपैकी नाही, असे ते गृहीत.

बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहाने पहिला धक्का दिला. पिंपातील मेलेल्या उंदरांची त्यांची कविता वाचकाला 'शी' म्हणायला लावते आणि त्याच क्षणी ते उंदीर म्हणजे आपणच, हे जाणवून देते. उद्गाराचा कर्ता आणि कर्म एक होतात. त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. शिसारीचे रूपांतर आरोपात झाले. तरीही मर्ढेकरांच्या कवितेत किळसेचा आश्रय मध्यमवर्गीय नागरी मनच राहिले. उद्गाराची दिशा आत वळली, त्याचे स्वामित्व बदलले नाही.

ते बदलले बाबुराव बागुलांच्या कथांपासून (१९६३) आणि विशेषतः नामदेव ढसाळांच्या 'गोलपीठा'ने (१९७२). विजय तेंडुलकरांची प्रस्तावना या संग्रहाला आहे, आणि त्यातले कितीतरी शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे त्यांनी तेथे मोकळेपणाने सांगितले आहे. मराठीचा एक श्रेष्ठ नाटककार मराठीच्याच एका कवितासंग्रहाच्या दारात अर्थ विचारीत उभा राहतो, हा प्रसंग समीक्षेच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखा आहे. कारण तेथे अपरिचित होते ते केवळ शब्द नव्हते. ज्या वस्तीला 'शी' म्हणून पाठ फिरविलेली, तिच्यात भाषा आहे आणि त्या भाषेला कविता आहे, ही गोष्ट अपरिचित होती. ढसाळांच्या कवितेत पू, मळ, लाळ यांची नावे येतात. परंतु तेथे कवी नाक आकसून त्यांच्याकडे पाहत नाही. किळसेचा रोख वस्तूंवरून उठतो आणि त्या वस्तूंत माणसाला ठेवणाऱ्या व्यवस्थेवर जाऊन पडतो. आश्रय आणि आलंबन यांची अदलाबदल पूर्ण होते.

'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६), 'आयदान' (२००३) या आत्मकथनांनी हीच गोष्ट गद्यात केली, पण त्यांची रीत निराळी आहे. तेथे निवेदकाने एकदा तो उद्गार स्वतःविषयी ऐकलेला असतो. मेलेल्या ढोराचे मांस, उष्टे अन्न, पाणवठ्यापासूनचे अंतर यांची वर्णने वाचताना वाचकाच्या ओठावर आलेला 'शी' निवेदकाच्या लहानपणीच्या आठवणीतील 'शी'ला जाऊन भिडतो. वाचकाला आपला स्वर ओळखू येतो. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले होते. ते सोडल्यानंतरही तिरस्कार गेला नाही, हे या आत्मकथनांतून दिसते. तिरस्काराचे कारण वस्तूत नव्हते, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

या लेखनावर बीभत्सतेचा आक्षेप घेतला गेला तेव्हा त्याला दिलेली उत्तरे बहुधा वास्तवतेच्या बाजूने होती : जे आहे ते लिहिले. हे उत्तर अपुरे होते. प्रश्न वास्तव किती दाखविले हा नव्हता. 'शी' कोणी म्हणायचे हा होता. आक्षेप घेणाऱ्याने रसव्यवस्थेतील प्रेक्षकाची जागा आपलीच समजली होती, आणि त्या जागेवरच लेखकाने हक्क सांगितला होता.

७

आता यादीतील त्या 'इश्श'कडे परतता येईल. नाट्यशास्त्राने जुगुप्सा जशी हीनांकडे दिली तशी स्त्रियांकडेही दिली. मराठी कथा-कादंबरीने 'शी बाई', 'इश्श' हे उद्गार स्त्रीपात्रांच्या तोंडी इतके घातले की ते तिच्या शालीनतेचे चिन्ह झाले. तिने किळसावे, लाजावे आणि दूर व्हावे. 'कावळा शिवला' म्हणून तिला स्वतःलाच दूर बसविले जाई, तेव्हा मात्र ती पुन्हा आश्रयाची आलंबन होई. व्याकरणाच्या यादीत तिरस्कार आणि लज्जा शेजारी बसले ते चुकून बसलेले नाहीत. जिला किळस दाखवायला शिकविले तिलाच स्वतःच्या देहाची लाज बाळगायला शिकविले. दोन्ही धड्यांचा ध्वनी एका कुळातला आहे.

या उद्गाराचा अलीकडचा वापर शासनाच्या धोरणात झाला. संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) नावाने महाराष्ट्रात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गाडगेबाबांचे नाव ज्या गाडग्यावरून पडले ते गाडगे आणि त्यांच्या हातातील झाडू यांचा अर्थ पेशवाईतील मडके आणि झाडू आठवल्यावर पुरता कळतो : दुसऱ्यावर लादलेली तिरस्काराची चिन्हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि गावाची घाण उपसली. 'शी' न म्हणता झाडू उचलणे ही त्यांची रीत होती. याच सुमारास कमल कर यांनी बांगलादेशात आखलेली एक पद्धत भारतातही आली. गावकऱ्यांना उघड्यावरच्या मळाजवळ नेऊन, मळासाठी बोलीतला सरळ शब्दच वापरून, त्यांची किळस आणि लाज जागी करायची, अशी ती पद्धत. महाराष्ट्रातील गावांत पहाटे फिरणारी 'गुड मॉर्निंग पथके' याच मनोवृत्तीची. आई मुलाला देते तो धडा शासनाने प्रौढांना दिला. त्याने संडासांची संख्या वाढली असेल. पण उद्गाराचा रोख वस्तूवर राहिला की माणसावर गेला, हा प्रश्न उरतोच.

युसूफ वडगावच्या परिसरात तो प्रश्न अमूर्त नाही. केज-अंबाजोगाई भागातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे साखर कारखान्यांकडे जातात आणि गळिताचा हंगाम फडाजवळच्या कोपीत काढतात. तेथे आडोसा नसतो, धुण्याला पाणी नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मासिक पाळीतही कामाचा खाडा परवडत नाही आणि स्वच्छतेची सोय नाही, या दोहोंच्या कचाट्यात देहाचा एक अवयवच अडचण ठरविला गेला. अशा स्त्रीला अंधारात फडाच्या कडेला जावे लागते ते तिला किळस नाही म्हणून नव्हे. तिला किळस आहे, लाजही आहे, सोय नाही. तिच्याकडे पाहून 'शी' म्हणणे म्हणजे तिच्या अभावाला तिचा स्वभाव समजणे होय.

'शी' हा एकाक्षरी शब्द कोशात दोन ओळींत संपतो. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक वेळी दोन प्रश्नांवाचून लागत नाही : तो उच्चारणारा कोठे उभा आहे, आणि ज्याच्याविषयी तो उच्चारला गेला त्याला तेथे कोणी उभे केले. व्याकरणाने हा शब्द वाक्याबाहेर ठेवला, कारण त्याचा अन्वय वाक्यात लागत नव्हता. तो अन्वय समाजात लागतो, आणि तो लावून दाखविणे हे समीक्षेचे काम आहे.